नाटक नव्हतं ते

मागे एका रविवारी रात्री नातीचा फोन आला. ती फिजिओथेरपीची इंटर्नशिप करते आहे. एरवी तिचा फोन म्हणजे "आजी, गुडघ्याचे व्यायाम केलेस का?" आणि मी थाप मारायची की हो, केले. पण या वेळी आवाज जरा वेगळा वाटला.

"आजी, माझ्याकडे एक पेशंट आहे. अपघातातून वाचलेली. हाड जुळलंय, एक्स-रे स्वच्छ आहे. हात आता खांद्याच्या वर जायला हवा. पण मी मागे उभी राहून खांद्याला हात लावला की ती दचकते, अंग दगडासारखं कडक करते. काल तर रडायलाच लागली. बाहेर आल्यावर माझ्याबरोबरची एक जण म्हणाली, नाटक करते गं ती, नुकसानभरपाईची केस चालू आहे ना! खरंच असं नाटक करतात का गं लोक?"

मी गप्प बसले. तिला वाटलं फोन कट झाला. तसं नव्हतं. 'नाटक' हा शब्द मी स्वतः एकदा वापरला आहे, वर्गात, चाळीस मुलांसमोर. ते पुढे सांगेनच. त्या रात्री झोप आली नाही. मग गेले तीन आठवडे ग्रंथालयातून आणलेली आणि नातीने पाठवलेली पुस्तकं वाचत बसले. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्याची खोड अजून गेलेली नाही. कुठलाही प्रश्न पडला की मी आधी विचारते, हे पहिल्यांदा कधी झालं?

तर मंडळी, हा प्रश्न निदान दीडशे वर्षं जुना आहे, आणि तो सुरू होतो आगगाडीपासून!

९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये केंट परगण्यात स्टेपलहर्स्ट इथे पुलावर गाडी घसरली. दहा माणसं दगावली. त्या गाडीत प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही म्हणा ना. उलट त्याने खाली उतरून जखमींना पाणी पाजलं. पण पुढे त्याला प्रवासाची धास्ती बसली. साध्या घोडागाडीत बसला तरी मधेच विनाकारण भीतीची लाट येई, असं त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलं आहे. पाच वर्षांनी तो वारला, तोही नेमका ९ जूनलाच.

असे अनेक प्रवासी त्या काळात डॉक्टरांकडे येत. बाहेरून जखम नाही, पण पाठ दुखते, हात थरथरतात, झोप येत नाही. जॉन एरिक एरिकसन नावाच्या सर्जनने १८६६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, धक्क्याने मज्जारज्जूला इजा होते. या दुखण्याला लोक 'रेल्वे स्पाइन', म्हणजे आगगाडीचा कणा म्हणू लागले. आता भरपाई कोण देणार? रेल्वे कंपन्या! खटले उभे राहिले. मग १८८३ साली हर्बर्ट पेज या सर्जनने उत्तर दिलं, की कण्याला काही झालेलं नाही, हा भीतीचा परिणाम आहे. गंमत अशी, की हे पेजसाहेब एका रेल्वे कंपनीचेच सर्जन होते. पण पुढचं संशोधन पाहिलं तर भीतीबद्दलचं त्यांचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. फक्त "भीती आहे" याचा अर्थ "खोटं आहे" असा लोकांनी घेतला, आणि तोच अर्थ आजही नातीच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात फिरतो आहे.

मग आलं पहिलं महायुद्ध. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिकत छापली आणि 'शेल शॉक' हा सैनिकांच्या तोंडचा शब्द वैद्यकात आला. शेल म्हणजे तोफगोळा. आधी वाटलं, गोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असणार. पण लवकरच मायर्सच्या लक्षात आलं, की ज्यांच्या जवळपास गोळा पडलाच नाही त्यांनाही हेच होतंय. कुणाची वाचा गेली, कुणाचा पाय लुळा पडला. कुणाचा हात मुठीत आखडला तो उघडेना, कुणी कमरेत वाकला तो वाकलेलाच. तपासून पाहावं तर नसा शाबूत, हाडं शाबूत.

सैन्यापुढे प्रश्न होता तो हिशेबाचा. एकट्या सोमच्या लढाईत पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिशांची ५७,४७० माणसं मृत, जखमी वा बेपत्ता झाली. प्रत्येक थरथरणारा शिपाई मागे पाठवला तर लढणार कोण? म्हणून यादीत दोन रकाने पाडले. गोळा जवळ फुटून झालं असेल तर 'जखमी', म्हणजे बाहीवर मानाची पट्टी आणि निवृत्तिवेतन. नाहीतर नुसता 'आजारी', त्याला मानही नाही आणि पैसाही नाही. पुढे 'शेल शॉक' हा शब्द वापरायलाच बंदी घातली. शब्द पुसला म्हणून आजार थोडाच पुसला जातो? युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात असे सुमारे ८०,००० रुग्ण नोंदले गेले होते.

काही जण रुग्णालयापर्यंत पोचलेच नाहीत. पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटन आणि साम्राज्यातल्या ३०६ सैनिकांना आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या. त्यातले किती जण आजारी होते, कोण सांगणार? त्यांना माफी मिळाली ती २००६ साली. नव्वद वर्षांनी! मी तेव्हा नोकरीत होते. ती बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला एक मुलगा आठवला होता. असो, त्याच्याकडे येतेच आहे.

उपचारांची कथा तर वाचवत नाही. लंडनमध्ये लुइस यीलँड नावाचा डॉक्टर होता. वाचा गेलेल्या शिपायाला तो अंधाऱ्या खोलीत नेई, दार लावून घेई आणि बोलेपर्यंत इथून सुटका नाही असं सांगून घशाला विजेचे झटके देई. एका चोवीस वर्षांच्या शिपायावर हे चार तास चाललं. शेवटी तो बोलला. यीलँडने १९१८ च्या पुस्तकात हे यश म्हणून मोठ्या अभिमानाने लिहिलं आहे.

त्याच सुमाराला एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर अगदी वेगळं काही करत होते. हे तेच रिव्हर्स, जे १९०१-०२ मध्ये आपल्या निलगिरीत येऊन तोडा लोकांत राहिले आणि १९०६ साली त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहून मोकळे झाले. परक्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायची सवय त्यांना तिथे लागली असेल का, असा माझा आपला एक तर्क. रिव्हर्स रुग्णांना सांगत, जे झालं ते दडपू नका, ते दडपल्यानेच रात्री उफाळून येतं. कवी सिगफ्रीड ससून १९१७ मध्ये त्यांच्याच हाताखाली होता. दुसरा कवी विल्फ्रेड ओवेनही त्याच रुग्णालयात होता. तो बरा होऊन आघाडीवर परत गेला आणि युद्ध थांबायला आठवडा असताना, ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला.

आता नातीच्या विद्येचं मूळ. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मालिश-उपचार करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली. कारण काय, तर मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात म्हणून वर्तमानपत्रांत बोंब उठली होती. म्हणजे या पेशाची सुरुवातच 'आमच्या स्पर्शावर विश्वास ठेवा' हे सिद्ध करण्यातून झाली! महायुद्धात या स्त्रिया शेकडोंनी सैनिकी रुग्णालयांत गेल्या. आखडलेले हात, लुळे पाय घेऊन आलेल्या शिपायांना रोज हात लावणाऱ्या, त्यांच्याजवळ अर्धाअर्धा तास बसणाऱ्या त्याच. डॉक्टरची फेरी पाच मिनिटांची. नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, आजही तसंच आहे." आपल्याकडे हे शिक्षण सुरू झालं १९५२ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, तेव्हा पोलिओ झालेली मुलं डोळ्यांसमोर होती.

आणि आपले शिपाई? पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं परदेशी गेली. आपल्या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार, मग शरणागती, मग कैद. त्यातून परतलेल्यांच्या रात्री कशा गेल्या हे कुठल्या रकान्यात लिहिलं असेल? फ्रान्समधल्या हिंदी शिपायांबद्दल तर साहेबांना संशय होता, की हे स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेतात. ब्रायटनच्या किचनर रुग्णालयात कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ साली तब्बल १,००० जखमा तपासून अहवाल लिहिला. सरसकट संशयाला त्यात आधार मिळाला नाही. पण बघा, तपासायचं पहिलं सुचलं काय? नाटक आहे का!

एक गोष्ट मात्र अगदी आपल्या दाराशी सापडली. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलॅली' म्हणतात. हा शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून! तिथल्या छावणीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून असत. उकाडा, मलेरिया, रिकामपण. त्यात काहींचं डोकं ठिकाणावर राहत नसे. त्याला म्हणत 'डुलॅली टॅप', आणि हा टॅप म्हणजे आपला ताप. आपण देवळालीला हवापालटाला जायचो, आणि तिकडे त्या गावाचं नाव असं चेष्टेचा शब्द होऊन बसलं होतं. दुखण्याला नाव सापडलं नाही की माणसं त्याची टिंगल करतात, दुसरं काय.

खरं नाव मिळालं १९८० साली. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक वर्षानुवर्षं भांडले, त्यांच्या बाजूने काही मनोविकारतज्ज्ञ उभे राहिले. त्याच दशकात बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलं, की रणांगण न पाहताही तीच लक्षणं दिसतात. मग अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', पीटीएसडी, हा आजार घातला. मराठीत आघातोत्तर ताण विकार. म्हणजे काय, तर जीवघेण्या प्रसंगानंतर महिन्याहून अधिक काळ तो प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याची आठवण देणारी जागा, माणूस, आवाज टाळावासा वाटतो. स्वतःबद्दल, जगाबद्दल मन काळवंडतं. आणि शरीर कायम पहाऱ्यावर असतं. दचकणं, झोप उडणं, स्नायू ताठ, श्वास वरच्यावर. प्रत्येकालाच हे होतं असं नाही, बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. पण ज्याला होतं त्याचं अंग अजून त्याच क्षणात उभं असतं. ते आपण होऊन हुकमाने खाली बसवता येत नाही.

आता माझी गोष्ट.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या जिल्ह्यांत दगडमातीच्या घरांची जड माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर माझ्या सातवीच्या वर्गात त्या भागातला एक मुलगा आला. मामाकडे राहायला आला होता. कोण गेलं, कोण राहिलं, हे मी विचारलं नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते.

वरच्या मजल्यावर बाकं सरकवली, की हा मुलगा उठून थेट मैदानात पळायचा. रस्त्यावरून ट्रक गेला तरी तेच. पहिल्यांदा मी समजावलं. दुसऱ्यांदा रागावले. तिसऱ्यांदा वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाले, "पुरे झालं आता नाटक. इथे काही पडत नाही."

मुलं हसली. त्यानंतर तो पळाला नाही. बाकं सरकली की बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचा, बोटं पांढरी होईपर्यंत. लिहिताना पेन्सिल इतकी दाबायचा की टोक मोडायचं. अक्षर बिघडलं म्हणून मी त्याला शुद्धलेखनही दिलं! आणि स्टाफरूममध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बघा, सुटली की नाही सवय?" पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. मामांची बदली झाली म्हणे. पुन्हा भेट नाही.

यीलँडचा तो शिपाई बोलला आणि माझा विद्यार्थी पळायचा थांबला. आम्हा दोघांनाही वाटलं, बरा केला. पण लक्षण दिसेनासं होणं आणि माणूस बरा होणं यात अंतर असतं, हे मला कळायला तीस वर्षं लागली.

म्हणून नातीला फोन केला. तिनेही मधल्या काळात आपल्या शिक्षिकेला विचारलं होतं, तेव्हा आजी आणि नातीने मिळून उजळणी केली. ती तिच्याच शब्दांत, पण माझ्या शिस्तीत सांगते. पेशंटच्या मागून जायचं नाही, समोर यायचं, दिसेल असं उभं राहायचं. हात लावण्याआधी कुठे, कशासाठी, किती वेळ ते सांगायचं आणि "चालेल का?" विचारायचं, दर वेळी. "थांबा" म्हटलं की थांबायचं, अगदी मधेच म्हटलं तरी. पालथं झोपवायचं असेल, पडदा ओढायचा असेल तर आधी विचारायचं. कुणाला दार उघडं लागतं, कुणाला बंद. करंटचं मशीन लावण्याआधी तर नक्कीच. १९८२ साली कोपनहेगनमध्ये इंगे गेनेफके या डॉक्टर बाईंनी छळातून सुटलेल्यांसाठी केंद्र काढलं, तिथे फिजिओथेरपी हा उपचाराचाच भाग होता. ज्याला कोठडीत विजेचे झटके दिले गेले, त्याच्या अंगाला तेच पॅड उपचार म्हणून चिकटवून कसं चालेल?

आणि महत्त्वाचं म्हणजे, काय झालं ते सांगच असा आग्रह फिजिओने धरायचा नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. त्यासाठी आता परिणामकारक उपचार आहेत, तिथे पाठवायचं. पण सांगितलंच तर मान खाली घालून मशीनचे आकडे बघत बसायचं नाही, ऐकायचं. श्वास संथ करायला शिकवायचं, पाय जमिनीला टेकलेत याची आठवण द्यायची, व्यायाम लहान लहान पायऱ्यांनी वाढवायचा आणि किती वाढवायचा हे पेशंटला ठरवू द्यायचं. दुखणं आणि हा आजार अनेकदा जोडीने राहतात, एक दुसऱ्याला वाढवतो. तेव्हा "एक्स-रेत काही नाही" म्हणजे "काही नाही" असं नव्हे.

"आणि केस चालू आहे त्याचं काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, असेल ना. डिकन्सच्या काळातही होत्या. पैसे मागणारा माणूस घाबरलेला नसतो असं कुणी सांगितलं? खरंखोटं कोर्ट ठरवेल. तुझ्या टेबलावर आलेला खांदा घाबरलेला आहे एवढं तुला हाताला कळतंय, तेवढ्यावर काम कर.

काल तिचा पुन्हा फोन आला. म्हटलं, "काय गं, गेला का हात वर?"

"नाही आजी. होता तिथेच आहे. पण आज मी समोर बसले, विचारून हात लावला. ती नको म्हणाली, मी काढून घेतला. मग तिनेच माझा हात घेऊन खांद्यावर ठेवला. आणि जाताना विचारलं, उद्या किती वाजता येऊ?"

चमत्कार नाही झाला, बरं का. पण ती उद्या येणार आहे. माझा विद्यार्थी जूनमध्ये आला नव्हता.

तो आता चाळिशी ओलांडलेला असेल. हे तो वाचेल अशी आशा मला नाही, पण तुमच्यापैकी कुणी अजून शिकवत असाल, तर वर्गात असं कुणी उठून पळालं, तर त्याला आधी पळू द्या. मग हळूच मागोमाग मैदानात जा आणि त्याच्या शेजारी, त्याला दिसाल असं, उभं राहा.

बाकी गुडघ्याचे व्यायाम आजपासून खरंच सुरू केले आहेत. थाप नाही.